पट्टीच्या पोटातली फुली

माझं अक्षर वाईट आहे. ऱ्हस्व-दीर्घ मला शाळेतही कधी नीट कळलं नाही, आणि शाळा चौथीनंतर सुटली ती सुटलीच. त्यामुळे या पानावर चुका असणार. हे कोणी वाचणार नाही, मी कोणाला दाखवणारही नाही, तरी आधी माफी मागून घेते. सवय आहे. कोणी नुसतं समोर येऊन उभं राहिलं तरी मी पदर सारखा करते आणि आपलं काय चुकलं ते शोधायला लागते.

ओळी मात्र सरळ आहेत. त्या आखून घेतल्यात. कागद ड्रॉइंगचा आहे, जाड, माझ्या भाचीच्या रद्द झालेल्या शीटची मागची बाजू. पुढच्या बाजूला एक शंकू आहे, तिरका कापलेला, आणि त्याच्यावर सरांच्या लाल पेनाची भली मोठी फुली. कागद खिडकीकडे धरला की ती फुली माझ्या अक्षरांच्या मधून दिसते.

ते दिवस पुन्हा आलेत म्हणून हे काढून बसले. सकाळी अंगावर शाल घ्यावीशी वाटते आणि दुपारी डांबर चपलेला चिकटतं, असे हे आमच्या नाशिकचे दिवस. दिंडोरीकडच्या बागांत छाटणी सुरू होते. आमच्या गल्लीतल्या बायका पहाटे जीपमध्ये कोंबून जातात आणि संध्याकाळी बोटांना फडकी गुंडाळून परततात. छाटलेली बाग मी एकदाच पाहिली. पान नाही, फळ नाही, नुसत्या तारा आणि काड्या, एखाद्या मोठ्या माणसानं बसून आखल्यासारख्या. आणि याच दिवसांत इंदिरानगरच्या रस्त्यावर कॉलेजची मुलं पाठीला काळ्या लांब नळ्या लावून पळत असतात. नळीत शीट, डोळ्यांत झोप, तोंडात एकच शब्द, सबमिशन. त्यांना पाहिलं की माझ्या बोटांना नायलॉनचा दोरा आठवतो.

मी पोत ओवते. मंगळसूत्र तुटलं, मणी सैल झाले, वाट्या नव्या बसवायच्या असल्या की दुकानात येतात, आणि दुकानाच्या मागच्या खोलीत ते माझ्याकडे येतं. नवरा गेल्यावर हेच काम हाताला लागलं. मालक भले आहेत, पण गिऱ्हाइकापुढे मला बसवत नाहीत. पहिल्याच दिवशी म्हणाले होते, "काकू, वाईट वाटून घेऊ नका, बायकांना उगाच शंका येतात." मी वाईट वाटून घेतलं नाही. आपल्या गळ्यातली पोत कोणी ओवली हे घालणारीला कधी कळत नाही, आणि मला लाजरीला ते बरंच होतं. हे मुद्दाम लिहून ठेवते. नाहीतर पुढचं वाचून कोणी म्हणायचं, बाईला नावाची हाव सुटली.

त्या वर्षी प्राची माझ्याकडे राहायला आली. माझ्या धाकट्या भावाची, दिलीपची मुलगी. दिलीप सिन्नरला एका लहानशा वर्कशॉपमध्ये फिटर. मुलीचा पॉलिटेक्निकला नंबर लागला तेव्हा त्यानं सगळ्या गल्लीत पेढे वाटले, पण रोजचं येणं-जाणं पोरीला झेपेना. मग तो तिची ट्रंक घेऊन माझ्या खोलीत आला. "आक्का, ठेव गं हिला." ‘ठेव’ असं सांगायला कशाला हवं होतं? त्याला मी कडेवर वाढवलेला. आई कांद्याच्या खळ्यावर जायची आणि हा रडायचा, म्हणून माझी शाळा सुटली. पुढे तो शाळेत जायला लागला तेव्हा कोऱ्या कागदांची वही स्वस्त पडायची, आणि तो रोज संध्याकाळी ती माझ्या मांडीवर टाकायचा. "आक्का, ओळी आखून दे." बांबूची कांब धरून मी आखायची. एक टोक धरलं की दुसरं हलायचं. आक्काच्या ओळी उतरणीला लागल्या म्हणून तो हसायचा, आणि तरी त्याच ओळींवर लिहायचा.

प्राचीच्या ओळीही उतरणीलाच लागल्या होत्या. ड्राफ्टर नावाचं एक यंत्र असतं, बोर्डाच्या कोपऱ्याला आवळायचं, दोन जोडलेल्या हातांचं. ते महाग. जुन्या बाजारातून तिनं एक टी-स्क्वेअर आणली होती, आडव्या डोक्याची लांब पट्टी, तिचं डोकं हलायचं. तांदळाच्या डब्यावर बोर्ड टेकवून ती बसायची, आणि एक दिवस ती फुलीवाली शीट घेऊन आली.

"बघ ना आत्या. फाडायचीच बाकी ठेवली सरांनी."

"काय चुकलं त्यात? चांगलं तर दिसतंय."

"या दोन ओळी समांतर पाहिजेत. आहेत का, सांग."

मी वाकून पाहिलं. डावीकडे गव्हाचा दाणा जाईल एवढी जागा जास्त होती. मण्यांवर बसून बसून डोळ्याला तेवढं दिसतं.

"मग पट्टीची दोन्ही टोकं एकदम खाली आली पाहिजेत," मी म्हणाले.

"तेच तर! म्हणजे ड्राफ्टर. म्हणजे पप्पांच्या खिशाला भोक."

ती रुसून झोपली. मी चहाचं आधण ठेवलं आणि बोर्डाकडे बघत राहिले. मला वाटतं, माझ्या आयुष्यात कशाकडे मी इतकं निवांत बघितलं नव्हतं.

घरमालकानं त्याच आठवड्यात वायरिंग नवं केलं होतं. जिन्यात केसिंगच्या पट्ट्यांचे तुकडे पडलेले, वायर झाकायच्या त्या पांढऱ्या, आतून पोकळ, वर झाकण. एक तुकडा बोर्डाएवढा निघाला. पोकळ म्हटलं की ओवायचं, एवढंच माझं डोकं. दोन्ही टोकांना भोकं पाडली, बोर्डाच्या दोन्ही कडांना वरून खाली दोरे ताणले आणि पट्टी त्यांच्यावर ओवली. सरकवली, तर नेहमीचंच झालं. उजवा हात पुढे, डावा मागे. पट्टी दारू प्यायल्यासारखी तिरकी.

दुसऱ्या दिवशी दुकानात एक जुन्या घडणीची पोत आली. तिच्यात मध्ये एक आडवी सोन्याची नळी होती. अशी नळी ओवताना एक दोरा डावीकडून आत घालतात, दुसरा उजवीकडून, आणि नळीच्या पोटात दोघे एकमेकांना ओलांडून विरुद्ध बाजूला निघतात. फुलीची ओवण म्हणतो आम्ही तिला. अशी ओवलेली नळी खाली ओढा, वर ढकला, ती आडवीच राहते. एका बाजूला ढील मिळाली की तोच दोरा दुसऱ्या बाजूला ओढून घेतो. हजार वेळा केलं असेल हे काम. त्या दिवशी हात मध्येच थांबला आणि मालकांनी विचारलं, "काकू, बरं वाटत नाही का?"

घरी येऊन चप्पल न काढता बसले. वरच्या डाव्या कोपऱ्यातला दोरा पट्टीच्या पोटातून खालच्या उजव्या कोपऱ्यात. वरच्या उजव्यातला खालच्या डाव्यात. सरकगाठ मारून ताणला, म्हणजे सैल पडला तर आवळता येईल. एका बोटानं पट्टीचं एकच टोक ढकललं. दुसरं टोक आपणहून आलं. सर्र.

प्राची उठून बसली. "आत्या, परत कर."

सर्र.

"आत्या!"

पहिल्या शीटची वाट मात्र मीच लावली. पोतीचा काळा दोरा वापरलेला, आणि आमच्या सवयीनं त्याला मेण चोळलेलं. मेणावर पेन्सिलीची भुकटी चिकटली आणि सगळ्या कागदाच्या कडेनं राखाडी पट्टे उठले. प्राची आधी रडली आणि मग हसत सुटली. "तू माझ्या शंकूला काजळ घातलंस." मग मी तंगूस आणली, मासे पकडायचा नायलॉनचा दोरा, आमच्याकडे नकली मोत्यांना वापरतो तो. त्याला मेण लागत नाही. तो डागही पाडत नाही.

नाव मी ठेवलं. सरकपट्टी. प्राची म्हणाली, "पेटंट घे, आत्या."

"ते काय असतं?"

"तुझ्या नावाचा शिक्का. दुसऱ्या कोणी बनवली तर त्याला विचारावं लागतं."

"माझ्या नावाचा शिक्का रेशनच्या कार्डावर आहे, तेवढा पुरे."

पुढचे दिवस आठवले की अजून हाताला ऊब येते. तिच्या वर्गातल्या मुली यायला लागल्या. वसतिगृहातल्या, पेठ-सुरगाण्याकडच्या, घरी भात आणि नागलीची शेती. ड्राफ्टरचं नाव काढलं की त्या आपोआप दुसऱ्या विषयावर जायच्या. एका ड्राफ्टरच्या पैशांत सगळ्या बाकाला पुरतील इतक्या सरकपट्ट्या व्हायच्या. त्या माझ्या खाटेवर ओळीनं बसायच्या, मी ओवायची, त्या केसिंग कापून द्यायच्या. येताना एकीनं घरची नागलीची भाकरी आणली, मिरचीच्या ठेच्याबरोबर. जिन्यात कोणी विचारलं, "कोणाकडे?" की त्या म्हणायच्या, "सरकपट्टीवाल्या मावशीकडे." दाराआडून मी ते ऐकायची. मला आतापर्यंत अमक्याची बहीण, तमक्याची बायको, दुकानातल्या काकू एवढंच म्हटलेलं. हातानं केलेल्या वस्तूवरून कोणी ओळखतं हे मला नवीन होतं. दोन दिवस मी जिना झाडायचं काम मुद्दाम त्यांच्या यायच्या वेळेला काढलं.

रविवारी दिलीप मुलीला भेटायला आला. चहा तसाच राहिला. त्यानं झाकण काढून पट्टीच्या पोटात डोकावून पाहिलं.

"आक्का, हे तू केलं? खरं सांग."

"मग काय शेजारणीनं केलं?"

"आयला! लय भारी हाय हे." त्यानं पट्टी वर नेली, खाली आणली, पुन्हा वर नेली, लहानपणी सापडलेल्या गाडीच्या चाकाशी खेळायचा तसा. "प्लॅस्टिकमध्ये काढली ना, दुकानादुकानात जाईल. डाय बनवावा लागेल फक्त, लोखंडी साचा. तुझं डोकं, माझे हात. आपण दोघं. खोक्यावर नाव टाकू, आक्का सरकपट्टी."

मी लाजून हसले. "नाव-बिव नको रे."

"नको कसं? टाकणार म्हणजे टाकणार."

इथे मला थांबून एक गोष्ट लिहायची आहे. आमच्यात पहिलं नको हे नको नसतं. चहा घेणार का विचारलं तर नको म्हणायचं, मग समोरच्यानं घ्या हो म्हणायचं, पुन्हा नको, मग कप हातात द्यायचा. भाकरी वाढताना ताटावर हात आडवा धरायचा, आणि वाढणाऱ्यानं बोटांच्या फटीतून वाढायची. माझ्या पिढीच्या बाईला दुसरी रीतच माहीत नाही. हवं आहे असं तोंडानं म्हणायला आम्हाला कोणी शिकवलं नाही. आणि हे दिलीपला पक्कं ठाऊक. आयुष्यभर तो माझं नको ढकलून माझ्या ताटात वाढत आलेला माणूस आहे. त्या दिवशीही त्यानं ते ढकललं, म्हणून तर मला इतकं बरं वाटलं. तो गेल्यावर मी वर्तमानपत्राच्या कडेला ते नाव एकदा लिहून पाहिलं आणि तो कागद चुलीपाशी, म्हणजे गॅसपाशी, भांडं टेकवायला ठेवून दिला.

पोस्टात ठेव होती माझी. नवऱ्याच्या मागे राहिलेलं तेवढंच. डायसाठी ती मोडून दिली. उसने म्हणून दिले, कारण त्यानंच तसं म्हटलं. "पै न पै परत करीन, आक्का." मी म्हणाले, "नको रे, परत कसले." ते नको त्यानं मानलं नाही.

कॉलेजात प्रदर्शन होतं. प्राचीनं मला येऊ नको असं म्हटलं नाही आणि ये असंही म्हटलं नाही. मी दुकानातून अर्धा दिवस मागून घेतला, निळी साडी नेसले. मोठा हॉल, टेबलांच्या रांगा, मुलामुलींच्या गळ्यात ओळखपत्रांचे पट्टे. प्राचीच्या टेबलापुढे गर्दी होती. नवी सरकपट्टी करड्या प्लॅस्टिकची होती, चकचकीत, पोटावर स्क्रूनं बंद केलेलं झाकण. बाजूला खोकं. खोक्यावर ‘प्राची स्केल’. मागच्या तक्त्यावर तिचं नाव, मार्गदर्शक म्हणून दिलीपचं नाव, आणि खाली साहित्य लिहिलेलं. साहित्यात नायलॉनचा दोरा होता.

एका सरांनी विचारलं, "कल्पना कशी सुचली?"

त्याच वेळी तिला गर्दीत मी दिसले. तिचे डोळे माझ्यावर थांबले आणि हळूच सरकले.

"घरीच सुचली सर. लहानपणापासून पप्पांच्या वर्कशॉपमध्ये बघत आले. एक बाजू ओढली की दुसरी तेवढीच यावी, म्हणून कॉर्ड क्रॉस केली." मग ती नीट समजावून सांगायला लागली, कोन, ताण, समांतर. मला कधी जमलं नसतं इतकं छान सांगितलं तिनं. ते सगळं खरं होतं. फक्त सुरुवात खरी नव्हती.

सरांनी माझ्याकडे पाहिलं. "या तुमच्याबरोबर?"

"आत्या आहे माझी. बघायला आलीये."

टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या. हात रिकामे कुठे ठेवायचे ते कळेना म्हणून.

संध्याकाळी सिन्नरला दिलीपच्या घरी विषय मी काढला नाही, माझ्या तोंडावरून त्यानंच ओळखलं. त्याची बायको सुनीता पोहे देत होती.

"आक्का, तूच तर म्हणाली होतीस, नाव नको."

मी डिशमधले पोहे चमच्यानं एका कडेला सारले.

"आणि लिहिलं असतं तर? त्यांनी विचारलं असतं, शिक्षण किती. चार माणसांत तुला धड बोलता येतं का? तोंडाला पदर लावला असतास. पोरीला मार्क मिळाले, नोकरीला कामाला येईल. घरातच राहिलं ना सगळं?"

सुनीता म्हणाली, "ताई, पोहे घ्या ना अजून."

"नको," मी म्हणाले.

तिनं डिश उचलून नेली.

त्याचं सगळंच खोटं होतं असं मी म्हणत नाही. डाय त्यानं काढला, दुकानं त्यानं पालथी घातली, उन्हातान्हात खोकी वाहिली. आणि चार माणसांत मी तोंडाला पदर लावलाच असता. पण दुकानाच्या मालकांनी मला पडद्यामागे बसवलं तेव्हा ते परके होते, आणि तोंडावर सांगून बसवलं त्यांनी. याला मी हाताला धरून चालायला शिकवलेलं. माझ्या लाजेची त्याच्याइतकी माहिती कोणालाच नव्हती, आणि नेमकी तीच त्यानं कामाला घेतली.

गेल्या आठवड्यात स्टेशनरीच्या दुकानात गेले होते, दोऱ्याला. काउंटरवर ती ‘प्राची स्केल’ ठेवलेली. मी हातात घेतली, उलटी केली. पोट बंद. माझ्या पट्टीचं झाकण बोटानं निघायचं, आणि मुली आतली फुली बघून खूश व्हायच्या. दुकानदार म्हणाला, "काकू, ते तुमच्या कामाचं नाही. इंजिनिअरिंगच्या पोरांचं असतं ते." मग त्याला दया आली असावी. "बघा, असं सरकतं," म्हणून त्यानं करून दाखवलं. मी मान डोलावली. आवाजसुद्धा तो नव्हता. प्लॅस्टिकवर प्लॅस्टिक, घसर, घसर.

माझ्या मागे उभ्या असलेल्या मुलीनं त्याला विचारलं, "दादा, सरकपट्टी कितीला?" तिच्या बोलण्यावरून ती सुरगाण्याकडची वाटली. खोक्यावर तो शब्द कुठेच छापलेला नाही. वसतिगृहात एकीकडून दुसरीकडे आला असणार. मला मागे वळून तिला काही सांगावंसं वाटलं. काय सांगणार? मी दोऱ्याचे पैसे दिले आणि निघाले.

प्राची आता ओझरकडे नोकरीला आहे. "आता ओळी कॉम्प्युटरच मारतो, आत्या," म्हणते. दिवाळीला दिव्याचं हलणारं चित्र पाठवते मोबाइलवर. एकदा एकटी आली होती, बराच वेळ दारात उभी राहिली, काहीतरी ओठावर होतं तिच्या. मी थांबले. मग तिनं पाणी मागितलं आणि मी दिलं.

काल भाऊबीज झाली. दिलीप आणि सुनीता आले. मी पाट मांडला, ताटात सुपारी, अक्षता, सोनं म्हणून दुकानातून आणलेला एक मणी, निरांजन. लहानपणी दिलीपकडे पैसे नसायचे, तेव्हा तो ताटात पेन्सिलीचा तुकडा टाकायचा, कधी गोटी. ती ओवाळणी मी आईला न दाखवता डबीत ठेवायची. ओवाळणी मोजायची नसते हे आईनंच सांगितलेलं, आणि मी कधी मोजली नाही. पुढे तो कमावता झाल्यावर नोट टाकायचा, ती मी ताटातून तशीच उचलून देवापाशी ठेवायची, कितीची ते न बघता.

काल मी ओवाळलं आणि त्यानं खिशातून जाड पाकीट काढून ताटात ठेवलं. ताट एका बाजूला कललं.

"आक्का, सगळे आहेत. तुझे डायचे. आज मोकळा झालो बघ."

मी सवयीनं म्हणाले, "असू दे रे, नको. एवढी काय घाई."

"नको कसं? घ्यायचेच." त्यानं पाकीट माझ्या हातात दाबलं. "मोजून घे."

"नको."

"मोज गं, आक्का. माझ्यासमोर मोज."

सुनीताही म्हणाली, "मोजा ताई. नंतर मनात राहायला नको."

मग मी निरांजनाच्या उजेडात पाटापाशीच बसून मोजले. नोटांच्या कडांना कुंकू लागलं. दिलीप माझ्या बोटांकडे बघत होता, लहानपणी मी वही आखताना बघायचा तसा. मोजून झाल्यावर मी ताटात पाहिलं. सुपारी होती, अक्षता होत्या, मणी होता. पाकीट पुन्हा झटकून पाहिलं.

पैसे पूर्ण होते. वर एक रुपयाही नव्हता.